घनवन : लहान जागेतील दाट रान
(परिसर-अभ्यास : शिक्षकांच्या उपयोगासाठी)

छत्रपती संभाजीनगरातील लोखंडी पुलावरून खाम नदी ओलांडून छावणीत शिरले, म्हणजे वैशाखातील दुपारीही जुन्या झाडांखाली हवेतील फरक अंगास जाणवतो. शहरात घरांची दाटी. इकडे मोकळी आवारे आणि कित्येक पिढ्या पाहिलेले वड व कडुनिंब. सूर्य एकच, ऊनही तेच. मग हा फरक कशाने पडतो? या प्रश्नापासून पाठास आरंभ करावा.

झाडाची सावली जमीन तापू देत नाही, हे मुलांस ठाऊक असतेच. दुसरे कारण समजावून सांगावे लागते. मुळांनी शोषलेले पाणी पानांतून वाफेच्या रूपाने बाहेर पडते व भोवतालची उष्णता त्यात खर्ची पडते. माठातील पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने झाडाभोवतीची हवा निवते.

परंतु वडासारखा वृक्ष वाढण्यास आयुष्य लागते, आणि शहरात मोठे रान राखण्याइतकी जागा नसते. ही अडचण ओळखून जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी (१९२८–२०२१) यांनी एक रीत घालून दिली. जपानमधील देवस्थानांभोवती जुनी झाडी टिकून असल्याचे व त्या त्या भूमीचे मूळचे वृक्ष तेथेच सापडत असल्याचे त्यांनी पाहिले होते. आपल्या देवराया याच जातीच्या होत. देवाच्या नावाने राखलेले, कुऱ्हाड न लागलेले ते रान म्हणजे स्थानिक वनस्पतींचे जिवंत संग्रहालयच.

या रीतीने केलेल्या रानास आपण घनवन म्हणतो. प्रथम जमीन सुमारे एक मीटर खोल मोकळी करून तीत शेणखत व पालापाचोळा मिसळतात. मग एका चौरस मीटरमध्ये तीन ते चार रोपे, निरनिराळ्या उंचीची व जातीची, एकमेकांजवळ लावतात. आपल्याकडे उंच वाढणाऱ्यांत उंबर, अर्जुन, बेहडा. मध्यम उंचीत बेल, आवळा, बहावा. आणि खाली करवंद, निर्गुडी, अडुळसा अशी निवड करता येईल. मादागास्करचा गुलमोहर वा ऑस्ट्रेलियाची निलगिरी येथे कामाची नाही. दाटीमुळे रोपे प्रकाशासाठी वर झेपावतात. जमिनीवर कडब्याचे किंवा गवताचे आच्छादन पसरले, की ओल टिकते व तण दबते.

अशा वनाचे लाभ अनेक. पानांवर धूळ अडते. भुसभुशीत जमिनीत पाऊस मुरतो. फुलाफळांमुळे मधमाश्या, बुलबुल व सातभाई येतात. सामाजिक लाभही कमी नाही. आळीतील वृद्धांस बसण्यास सावली मिळते, आणि जे सर्वांनी मिळून वाढविले ते सर्वजण राखतात.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. मराठवाड्यात पावसाचा भरवसा नाही. पावसाळ्यात समारंभाने लावलेली रोपे पुढील वैशाखात वाळून जातात, हा अनुभव कोणत्या गावास नाही? लावणे हे एका दिवसाचे काम. जगविणे हे दोन-तीन उन्हाळ्यांचे. तेवढा काळ पाणी व निंदणी मिळाली, तर घनवन पुढे बहुतांशी स्वतःच्या बळावर उभे राहते. ही चिकाटी अंगी असलेली माणसे देशाने या कामी लावलीही आहेत. माजी सैनिकांची पहिली पर्यावरण तुकडी १९८२ मध्ये डेहराडून येथे उभी राहिली व खाणींनी उजाड झालेल्या मसुरीच्या डोंगरांवर तिने झाडी वाढविली. मराठवाड्यासाठीही अशी तुकडी उभारण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये घेतला.

घनवन म्हणजे सर्व दुखण्यांवरील औषध नव्हे, हेही सांगावे. माळरानावरील गवत हीसुद्धा सृष्टीची संपत्ती आहे. ते उपटून तेथे दाट झाडी लावू नये. तसेच नवे घनवन केले म्हणून जुना वड तोडण्यास मोकळीक मिळत नाही. पडीक कोपरा, नदीकाठची उजाड पट्टी, शाळेच्या कुंपणालगतची जागा ही घनवनाची योग्य स्थाने होत.

प्रत्यक्ष कार्य

१. दोन्ही बाजूंनी उघडा असा पत्र्याचा डबा क्रीडांगणातील तुडविलेल्या जमिनीत थोडा रोवून त्यात एक लिटर पाणी ओतावे व ते मुरण्यास लागणारा वेळ घड्याळावर मोजावा. मग हाच प्रयोग झाडाखालील पाचोळा बाजूस सारून तेथील मातीत करावा. दोन्ही वेळा फळ्यावर लिहून मुलांकडून कारण काढून घ्यावे.

२. शाळेच्या आवारात १० मीटर लांब व १० मीटर रुंद जागा आहे. चौरस मीटरला तीनप्रमाणे किती रोपे लागतील? (उत्तर : ३००.)

३. पाण्याच्या टाकीखाली सांडणारे व पोषण आहाराची भांडी विसळलेले पाणी आठवडाभर बादल्यांनी मोजावे. तेवढ्यात किती रोपे जगतील, याचा अंदाज वर्गाने करावा आणि तितकीच रोपे लावावीत. तीनशे लावून तीस जगविण्यापेक्षा तीस लावून तीसही जगविणे, हा या पाठाचा खरा धडा आहे.