चूक दाखवणारी फाइल परवडली

नरडाण्याच्या आसपासच्या कापूस व्यापाऱ्यांचे हिशोब मी लिहितो. हल्ली प्रत्येकाला एक्सेलची फाइल गुगल शीट्सवर हवी असते. शेठला शिरपूरला बसून मोबाइलवर शेतकऱ्यांच्या हिशोबाच्या पट्ट्या बघायच्या असतात, काट्यावरच्या पोराला वजन तिथूनच टाकायचं असतं. मागणी रास्त आहे. पण फाइल वर चढली म्हणजे हिशोब वर चढला असं नाही.

एका व्यापाऱ्याकडे भर हंगामात हे घडलं. पट्टीच्या फाइलमध्ये 12 क्विंटल कापूस, भाव 7,000, रक्कम 84,000. शेतकऱ्याने आधी 20,000 ची उचल घेतलेली, म्हणजे हातात 64,000 पडायला हवेत. ऑनलाइन पट्टीवर मात्र पूर्ण 84,000. कुठे लाल खूण नाही, कुठे एरर नाही. दुसरी पट्टी काढली, तिच्यातही उचल शून्य. शेठ म्हणाले, "भाऊ, हाई काय व्हयनं?"

झालं होतं असं. उचलीचं खातं दुसऱ्या फाइलमध्ये, दुकानातल्या कॉम्प्युटरवर. पट्टीची फाइल व्हीलूकअप लावून तिथून आकडा आणायची. गुगलला आपल्या डेस्कटॉपवरची फाइल दिसत नाही, त्यामुळे तो दुवा तुटला. एवढंच असतं तर सेलमध्ये 'रेफ'ची एरर आली असती आणि पहिल्याच मिनिटाला कळलं असतं. पण ज्याने कोणी ती फाइल बांधली, त्याने फॉर्म्युल्याभोवती इफएरर गुंडाळून 'सापडलं नाही तर शून्य' असं लिहून ठेवलं होतं. दिसायला नीटनेटकं, पण दुवा तुटला की उचल माफ! माझं स्पष्ट मत आहे: पैशाच्या रकान्यात इफएररला शून्य देऊ नये. 'तपासा' असा शब्द द्यावा. बघणारा निदान थांबतो.

उचलीचं खातंही वर नेलं आणि इम्पोर्टरेंजने जोडलं. पहिल्यांदा तो परवानगी मागतो. ती सेलवर जाऊन एकदा द्यावी लागते, नाहीतर पुन्हा रेफच. तरी निम्म्या शेतकऱ्यांची उचल येईना. जुनी नावं युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली. दुकानातल्या कॉम्प्युटरवर ती मराठी दिसायची, ब्राउझरमध्ये मात्र इंग्रजी अक्षरांचा काला. काट्यावरचा पोरगा नवी नावं मोबाइलवरून युनिकोडमध्ये टाकत होता. माणूस तोच, फाइलच्या लेखी दोन वेगळी माणसं. जुनी नावं कन्व्हर्टरमधून एकदा युनिकोडमध्ये आणा, आणि खरं तर जुळवणी नावावर ठेवूच नका. प्रत्येकाला खाते क्रमांक द्या. एकाच गावात एका आडनावाची किती घरं असतात, ते खान्देशात सांगायला नको.

तारखांची गंमत वेगळी. जुन्या तारखा शाबूत होत्या, नव्या उलटत होत्या. शीटची सेटिंग अमेरिकेची राहिली होती. 05/12 लिहिलं की ती डिसेंबरची पाच न धरता मेची बारा धरायची. 15/12 लिहिलं की पंधरावा महिनाच नाही म्हणून तारीख न धरता नुसता मजकूर. डिसेंबरच्या बेरजेतून दोन्ही गळाल्या. फाइल मेनूतल्या सेटिंगमध्ये लोकेल 'भारत' करायचं. आधी उलटलेल्या तारखा मात्र हातानेच दुरुस्त कराव्या लागतात. 'अक्षरी रुपये' लिहिणारा मॅक्रोही तिकडे चालत नाही, तिथे 'नेम'ची एरर येते. पण ती दिसते तरी.

वजनाच्या रकान्यात कुणी '42.50 क्विं.' लिहिलं तर बेरीज त्या सेलला चुपचाप वगळते. आकडा उजवीकडे चिकटतो, मजकूर डावीकडे. म्हणून रकान्याला मध्य-अलाइन करू नका. नवशिक्यालाही डावीकडे सरकलेला आकडा लगेच खटकतो.

ही काही आपल्याच दुकानांची रड नाही. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या आकडेवारीतून 2020 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कोरोनाचे 15,841 रुग्ण गळाले. माहिती जुन्या एक्सेल साच्यात ओतली जात होती आणि त्यात 65,536 च्या वर ओळी मावत नाहीत. तिथेही एरर दिसली नव्हती.

तेव्हा फाइल हलवण्याआधी एकूण क्विंटल, एकूण रक्कम, एकूण उचल आणि शेतकऱ्यांची संख्या कागदावर उतरवा. वर नेल्यावर हे चार आकडे पैशासकट जुळेपर्यंत एकही पट्टी काढू नका. एक्सेलच्या डेटा टॅबमध्ये 'एडिट लिंक्स' किंवा 'वर्कबुक लिंक्स' उघडून बाहेरचे दुवे आधीच बघून ठेवा. मूळ फाइल पेनड्राइव्हवर राहू द्या. आणि हे काम काट्यावर गाड्यांची रांग लागलेली असताना काढू नका. हंगाम उरकल्यावर, नवं खातं उघडताना करा.