जागेवर बसवणे

अभ्यासासाठी शास्त्रभाग : गलती ६:१-५

२०२३ च्या जून महिन्यातील गोष्ट. धडगाव परिसरातील एका पाड्यावर गलतीकरांस पत्राच्या भिल्ली बोलीतील मसुद्याची तपासणी आटोपून मी मोटारसायकलने शहाद्याकडे परतत होतो. मसुदा गावकऱ्यांना वाचून दाखवायचा आणि त्यांना काय समजले ते विचारायचे, अशी ह्या तपासणीची रीत असते. सहाव्या अध्यायातील पहिले वचन वाचून झाल्यावर मी विचारले, “एखादा भाऊ चुकला, तर पौल काय करायला सांगतो?” एका वृद्ध गृहस्थांनी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, “त्याला पंचांपुढे उभे करायचे. पण दंड किती, ते लिहायचे राहिले आहे.”

सारे हसले. मीही हसलो, परंतु घाट उतरताना तेच उत्तर मनात घोळत होते. आम्ही निवडलेल्या शब्दाचा अर्थ त्यांच्या कानांना ‘वठणीवर आणणे’ असा लागला होता. ह्या विचारात असतानाच एका वळणावर पहिल्या पावसाने वाहून आलेली बारीक खडी समोर दिसली आणि मी घाईघाईने पुढचा ब्रेक दाबला. खडीवर पुढचे चाक जखडले की ते वळत नाही, घसरते. पुढच्या क्षणी गाडी डाव्या अंगावर आडवी झाली होती आणि मी तिच्या शेजारी रस्त्यावर पडलो होतो. वेग फार नव्हता, डोक्यावर हेल्मेट होते. देवाच्या कृपेने गुडघा खरचटणे आणि डाव्या मनगटाचे हाड मोडणे एवढ्यावरच निभावले.

त्यानंतर सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता आणि गाडी दुरुस्तीला गेली होती. जे वचन मसुद्यात मला नीट उतरवता आले नव्हते, ते ह्या दिवसांत दवाखान्यात आणि गॅरेजात मी प्रत्यक्ष घडताना पाहिले. त्याचाच हा अभ्यास.

१. घसरलेला मनुष्य

पौलाने येथे ‘अपराध’ ह्या अर्थी ‘पाराप्तोमा’ हा ग्रीक शब्द वापरला आहे. ‘बाजूला पडणे’, ‘पाऊल चुकून पडणे’ ही कल्पना त्याच्या मुळाशी आहे. चालणारा मनुष्य वाट सोडून पडला आहे, असे चित्र त्यातून उभे राहते. आदल्याच अध्यायाच्या शेवटी पौलाने आत्म्याच्या प्रेरणेने चालण्याविषयी सांगितले आहे. तेव्हा चालणाऱ्यांपैकीच कोणी पडला, तर काय करावे, हा प्रश्न ओघानेच येतो.

पण घसरणे म्हणजे निर्दोष असणे नव्हे. माझ्या पडण्यात खडीचा दोष किती आणि माझा किती? माझे लक्ष रस्त्यावर नव्हते. पुढच्या टायरची नक्षी झिजली होती आणि तो बदलण्याचे मी महिनाभर लांबणीवर टाकत आलो होतो. पडणे एका क्षणाचे, पण त्याची तयारी महिनाभर चालली होती. पापाचेही असेच असते. म्हणून पौल अपराधाला अपराधच म्हणतो. परंतु पडलेल्याला तो ‘भाऊ’ समजूनच पुढचे बोलतो, हे आपण विसरू नये.

२. जाळी, हाडे आणि मंडळी

वचनातील मुख्य क्रियापद ‘कातार्तिझो’ हे आहे. आपल्या परिचयाच्या मराठी भाषांतरात येथे ‘ताळ्यावर आणणे’ असा शब्दप्रयोग आहे. तो चुकीचा नाही. मात्र आपल्या कानांना त्यात शिस्तीचा सूर अधिक ऐकू येतो. मूळ शब्दाचा आवाका मोठा आहे.

नव्या करारात हे क्रियापद १३ वेळा येते. याकोब व योहान तारवात बसून जाळी नीट करीत होते, तेथे हाच शब्द आहे (मत्तय ४:२१; मार्क १:१९). करिंथ येथील मंडळीत फाटाफूट झाली असता, त्यांनी एका मनाने पुन्हा जोडले जावे, अशी विनंती करताना पौल हाच शब्द योजतो (१ करिंथ १:१०). थोडा काळ दुःख सोसल्यावर देव स्वतः आपल्याला पूर्ण करील, असे आश्वासन पेत्र देतो, तेथेही हाच शब्द आहे (१ पेत्र ५:१०). आणि ग्रीक वैद्यकात निखळलेला सांधा किंवा मोडलेले हाड जागेवर बसवण्यासाठी हाच शब्द वापरीत.

डॉक्टरांनी माझे मनगट बधिर केले, हात ओढून धरला, हाडाची सरकलेली टोके समोरासमोर आणली आणि प्लास्टर घातले. ते म्हणाले, “माझे काम झाले. आता हाड स्वतःच सांधेल.” मोडल्या जागी प्रथम रक्त साकळते, काही आठवड्यांत तेथे मऊ हाड धरते, मग ते कठीण होते आणि त्याला मूळचा आकार येण्यास पुढे कित्येक महिने लागतात. डॉक्टर हाड निर्माण करीत नाहीत. ते हाड जागेवर आणतात आणि हलू देत नाहीत. सांधण्याची शक्ती देवाने शरीरातच ठेवली आहे. परंतु हाड जागेवर न बसवता तसेच सोडले, तर तेही सांधते. फक्त वाकडे सांधते. पडलेल्या विश्वासणाऱ्याला मंडळीने एकटे सोडले, तर काळ त्याचीही जखम भरून काढतो, पण कायमचा कडवटपणा मागे ठेवून.

३. गॅरेजातील धडा

गाडीचे हँडल डावीकडे वळलेले दिसत होते, चाक मात्र सरळ होते. क्लचचा लिव्हर व डावीकडचा फुटरेस्ट वाकला होता आणि पुढची रिम फिरताना डुलत होती. मला वाटले, मेकॅनिक हँडल धरून जोर लावील. तसे न करता त्याने आधी पान्याने पुढच्या फोर्कचे बोल्ट सैल केले. “काका, आवळलेले असताना ओढले तर पाइप वाकतो. आधी ढिले करायचे, मग सरळ करायचे.” फोर्कचे पाइप काढून त्याने सपाट काचेवर फिरवून पाहिले. पाइप सरळ होते. केवळ आपल्या जागी पिळले गेले होते. मग ते पुन्हा बसवून त्याने चाक गुडघ्यांत धरले, हँडल हलकेच जागेवर आणले आणि बोल्ट आवळले.

पुढे त्याने प्रत्येक वस्तूचा वेगळा विचार केला. फुटरेस्ट लोखंडाचा, म्हणून तो तापवून सरळ केला. लिव्हर ॲल्युमिनियमचा; तो सरळ करू गेल्यास तडकतो, म्हणून नवा घातला. हेल्मेटवर केवळ ओरखडा दिसत होता. तरी त्याने ते बदलायला सांगितले, कारण आतला थर एकदा दबला की पुन्हा तसा मार झेलू शकत नाही.

रिमचे काम सर्वांत सावकाश चालले. छत्तीस स्पोक. एका बाजूचा थोडा आवळायचा, समोरच्या बाजूचा थोडा सैल करायचा, चाक फिरवून पाहायचे, पुन्हा तेच. एकच स्पोक जोराने आवळला तर रिम दुसरीकडे वाकडी होते. रिमचा वाकडेपणा एका ठिकाणी दिसतो, पण तो काढण्यासाठी आजूबाजूच्या स्पोकांनाही हात लावावा लागतो. मंडळीत एक जण पडतो, तेव्हा केवळ त्यालाच आवळून मंडळी सरळ होत नाही.

४. ‘तुम्ही’ आणि ‘तू’

हे काम कोणी करावे? जे आत्मिक आहेत त्यांनी, असे पौल म्हणतो. आत्मिक म्हणजे अधिकारपदावर असलेले नव्हे. आदल्याच अध्यायात त्याने आत्म्याचे फळ सांगितले आहे आणि सौम्यता हा त्याचाच एक भाग आहे (५:२२-२३). येथेही नीट करण्याची रीत म्हणून तो सौम्यताच सांगतो. सौम्यता म्हणजे अपराधाकडे डोळेझाक नव्हे. डॉक्टरांनी माझा हात चांगलाच ओढला, पण आधी बधिर करून. मेकॅनिकने बोल्ट घट्ट आवळले, पण सर्व जागेवर आल्यानंतर.

मूळ भाषेत आणखी दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली, ही आज्ञा सतत चालणाऱ्या कृतीची आहे : एकदाच नीट करून मोकळे व्हा असे नव्हे, तर नीट करीत राहा. दुसरी, नीट करण्याची आज्ञा अनेकवचनी आहे, पण लगेच पुढे पौल एकवचनावर येतो आणि ‘तू’ स्वतःकडे लक्ष दे असे बजावतो. काम सर्व मंडळीचे आहे, परीक्षा मात्र एकेकट्याची. त्याच रस्त्याने, तसाच झिजलेला टायर घेऊन आपल्यापैकी कितीजण जात असतात!

५. दोन प्रकारची ओझी

दुसऱ्या वचनात एकमेकांची ओझी वाहा असे सांगून, पाचव्या वचनात पौल प्रत्येकाने आपला भार आपणच वाहावा असे म्हणतो. हा विरोध वरवरचा आहे, कारण मुळात शब्द दोन आहेत. दुसऱ्या वचनात ‘बारोस’ म्हणजे दडपून टाकणारे वजन. पाचव्यात ‘फोर्तिओन’ म्हणजे ज्याचा त्याने न्यायचा भार.

मी पडलो तेव्हा मागून आलेल्या जीपमधील दोघांनी गाडीखालून माझा पाय सोडवला, पेट्रोलचा कॉक बंद केला, शंभर किलोंहून जड गाडी उभी केली आणि मला दवाखान्यात पोहोचवले. त्यांनी माझी जात विचारली नाही, मंडळी विचारली नाही आणि ‘तुम्ही कसे काय पडलात’ हा प्रश्न तर दवाखान्याच्या दारापर्यंत काढला नाही. ते ओझे मला एकट्याला उचलणारे नव्हते. दुरुस्तीचे बिल मात्र माझे होते. टायर न बदलल्याचा कबुलीजबाबही माझाच होता. मदत करणाऱ्यांनी दुसऱ्याचा पश्चात्ताप स्वतः करू नये. आणि पश्चात्ताप करणाऱ्याला गाडी एकट्याने उचलायला लावू नये.

६. प्लास्टर निघाल्यावर

आता मला एक कबुली द्यायची आहे. ह्या अपघाताच्या दोन वर्षे आधी आमच्या मंडळीतील एका तरुण बांधवाने युवकसंघाच्या वर्गणीतील पैसे घरखर्चाला वापरले. विचारताच त्यांनी ते कबूल केले आणि काही महिन्यांत पै न् पै परत केली. मी कमिटीत होतो. आम्ही त्यांच्याकडून पत्र लिहून घेतले आणि ते उपासनेत वाचून दाखवले. नियमाप्रमाणे सारे झाले. पण त्यांच्या घरी कोणी गेले नाही, मीही नाही. त्यांनी येणे थांबवले, तेव्हा ‘त्यांनाच सहभागितेची इच्छा नाही’ असे आम्ही म्हणालो. पाड्यावरच्या त्या वृद्धाला हसलो खरा. पण मसुद्यातला चुकीचा शब्द मी आधीच आचरणात आणला होता.

प्लास्टर निघाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो. हातातले बळ गेले होते; त्यांच्या पत्नीने दिलेला चहाचा कप मला डाव्या हाताने धरवेना. मी क्षमा मागितली. ते फारसे बोलले नाहीत. त्या रविवारी ते आले नाहीत, पुढच्याही नाहीत. नाताळच्या उपासनेला मात्र आले आणि शेवटच्या बाकावर बसले. युवकसंघाचे काम त्यांनी अद्याप हाती घेतलेले नाही आणि आम्हीही घाई करीत नाही. प्लास्टर निघाले म्हणून लगेच वजन उचलायचे नसते. आधी बोटे हलवायची, मग मूठ वळायची.

धडगावच्या पुढच्या तपासणीत आम्ही त्या वचनात, तिथल्या बोलीत हाड बसवण्याला जो शब्द आहे, तो वापरून पाहिला. त्याच वृद्ध गृहस्थांना मी तोच प्रश्न विचारला. ह्या वेळी दंडाचा विषय निघाला नाही. थोडा विचार करून ते म्हणाले, “मग त्याला हळूच धरावे लागेल.”

विचारार्थ प्रश्न

१. आपल्या मंडळीत पडलेल्या व्यक्तीला प्रथम कोण भेटते : कमिटी की भाऊ?

२. एखाद्याला ‘सरळ’ करण्यापूर्वी आपण कोणते बोल्ट सैल करायला हवेत : गर्व, जुना राग की अफवा?

३. माझा झिजलेला टायर कोणता? तो बदलण्याचे मी किती दिवस लांबणीवर टाकले आहे?

४. आपण दिलेल्या क्षमेनंतर ज्याचे येणे थांबले, असा कोणी आहे काय? ह्या आठवड्यात त्याच्या घरी कोण जाईल?