थंड मुलखात जाणाऱ्या गाडीचे पाणी

महाड-पोलादपूरच्या खोऱ्यात पाणी गोठत नाही, त्यामुळे आपल्याकडच्या नळकाम करणाऱ्याला किंवा गाडीची बॉडी बांधणाऱ्या कारागिराला या गोष्टीशी कधी काम पडलेले नाही. आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला गेले, तर डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाकाठी गवतावर आणि गाड्यांच्या टपावर दव गोठते. ते उघड्या आभाळाखालचे पातळ पाणी; घरातले नळ त्याने फुटत नाहीत. परंतु महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसवून देणे हे हुन्नरी माणसाचे काम आहे. (आरटीओच्या मंजुरीचा विषय वेगळा, तो आधी पुरा करावा.) अशी गाडी गिऱ्हाईक गोव्याला नेईल तशी काश्मीर-लडाखलाही नेईल. तेथे टाकी तडकली, तर दोष बांधणाऱ्यावर येतो.

काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस कडाक्याच्या थंडीचे धरतात. त्यांना 'चिल्ला-ए-कलां' म्हणतात. चिल्ला म्हणजे चाळीस दिवस, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. पुढे वीस दिवसांचा 'चिल्ला-ए-खुर्द' आणि दहा दिवसांचा 'चिल्ला-ए-बच्चा'. या दिवसांत श्रीनगरात घराघरांतले नळ गोठतात. लेह तर साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. त्या वाटेवरच्या उंच मुक्कामांवर ऑक्टोबरातही रात्री पाण्याचा बर्फ होतो.

पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगते. पाइपात बर्फाचा बोळा बसला आणि पुढची तोटी बंद असली, की दोहोंमध्ये अडकलेल्या पाण्यावर विलक्षण दाब येतो. म्हणून पाइप पुष्कळदा बर्फ असतो तेथे न फुटता कोपराशी किंवा तोटीजवळ फुटतो. फुटल्याचे कळतेही उशिरा, बर्फ वितळून पाणी गळू लागल्यावर. मोठी टाकी सावकाश गोठते, अर्ध्या इंचाचा पाइप लवकर. यावरून बांधणीची पद्धत ठरते: टाकी आणि पाइप शक्यतो गाडीच्या आतल्या उबेत घ्यावेत, चेसिसखाली लटकवू नयेत. पाइपाला उतार द्यावा आणि सर्वांत खालच्या जागी पाणी सोडायची चावी बसवावी. ही एक चावी वाचवणारा कारागीर गिऱ्हाईकाला महागात पाडतो.

आता आमच्या कापडाच्या धंद्यातली गोष्ट. घोंगडी स्वतः ऊब तयार करीत नाही. तिच्या तंतूंत अडकलेली हवा आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही, इतकेच. पाइपावर गोणपाट, पानिपतची जुन्या लोकरीची ब्लँकेट किंवा फोमची नळी गुंडाळली, तर गोठणे लांबते. बंद पडलेल्या, ऊब नसलेल्या गाडीत ते टळत नाही. दोरीने करकचून आवळले, तर हवा निघून जाते आणि निम्मा फायदा गेला. ओले झाले, तर कापड उलट नुकसान करते. म्हणून वरून पाणी न शिरणारे आवरण हवेच. नुसती कातडी-रेक्झिनची सजावट लावून 'थंडीसाठी बंदोबस्त केला' असे सांगणारे भेटतात. त्यांचे ऐकू नये.

मुक्कामी असताना नळ बारीक धारेने चालू ठेवला, तर पाइप फुटण्याचा धोका कमी होतो. पण गाडीच्या टाकीत पाणी मोजके असते आणि वापरलेले पाणी साठवणारी खालची टाकीही त्यामुळे भरून गोठते. गाडी थंडीत उभी करून निघायचे असेल, तर पाणी काढून टाकणे हाच खरा उपाय. गिझर बंद करून थंड होऊ द्यावा, मग तोही रिकामा करावा. गरम-थंड दोन्ही तोट्या, शॉवर आणि खालची चावी उघडावी. पंप क्षणभर चालवून आतले पाणी काढावे, बेताच्या दाबाची हवा मारावी, पाण्याच्या फिल्टरचा आतला भाग काढून घ्यावा. बेसिनखालच्या वाकड्या नळीत पाणी राहतेच. तेथे प्रॉपिलीन ग्लायकॉलचे, पिण्याच्या पाण्याच्या पाइपासाठी विकले जाणारे द्रावण घालावे आणि पुन्हा गाडी वापरण्यापूर्वी सर्व पाइप धुऊन काढावेत.

रेडिएटरचा कूलंट मात्र या पाइपात चुकूनही घालू नये. त्यात बहुधा एथिलीन ग्लायकॉल असते. ते विषारी आहे आणि चवीला गोड लागते, म्हणून लहान मुलांना अधिकच धोका. औद्योगिक वसाहतीच्या गावात रसायनांचे रिकामे पिंप स्वस्तात मिळते, तेही पिण्याच्या पाण्याची टाकी म्हणून लावू नये. कितीही धुतले तरी प्लॅस्टिकात काय मुरले आहे हे कळत नाही.

गोठलेला पाइप सोडवताना दिव्याची किंवा स्टोची ज्योत लावणे म्हणजे गाडी जाळणे. तोटी उघडी ठेवून, तोटीच्या बाजूने सुरुवात करून, गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने हळूहळू मागे जावे. पंप आधी बंद करावा आणि बर्फ सुटला की प्रत्येक सांधा बोटाने तपासावा.