जुन्या डिझेल ट्रकची तेलगळती : आधी उगम शोधा, मग पॅकिंग बदला

ऊस कारखान्यावर किंवा कांदा, भाजीपाला बाजारपेठेत नेण्यासाठी आपल्यापैकी काहींनी जुना ट्रक घेतलेला असतो. टाटा १२१० सारख्या जुन्या सहा सिलिंडरी ट्रकचे इंजिन दणकट असते. परंतु वय झाले की गाडी उभी राहते त्या जागी काळे डाग पडू लागतात. 'जुनी गाडी आहे, थोडे ऑइल गळणारच' असे म्हणून काहीजण दुर्लक्ष करतात. काहीजण याउलट घाईने गिअरबॉक्स उतरवून मागचे ऑइल सील बदलतात आणि आठ दिवसांनी पुन्हा तोच डाग पाहतात. हे दोन्ही मार्ग महागात पडतात. गळती नेमकी कोठून सुरू होते हे शोधणे हेच खरे काम आहे आणि त्यातील बराचसा भाग आपणास घरच्या घरी करता येतो.

थेंबाचा हिशेब

ढोबळमानाने २० थेंब म्हणजे १ मिलिलिटर तेल. दर दोन सेकंदांना एक थेंब पडत असेल तर तासाला सुमारे ९० मिलिलिटर आणि १० तासांच्या फेरीत जवळजवळ ९०० मिलिलिटर तेल वाया जाते. नुकसान एवढ्यावरच थांबत नाही. तेलाची पातळी फार खाली गेली तर बेअरिंगला वंगण मिळत नाही व ऐन हंगामात इंजिन जाम होते. क्लच प्लेटवर तेल गेले तर भरलेली गाडी चढाला घसरते. तापलेल्या एक्झॉस्टवर तेल पडत राहिले तर आगीचा धोका असतो.

गळणारे तेल कोणते?

गाडी सपाट जागी उभी करून रात्रभर खाली जुना पुठ्ठा पसरून ठेवावा. चेंबर, फ्लायव्हील हाउसिंग व गिअरबॉक्स यांच्या खालच्या जागा पुठ्ठ्यावर खुणा करून ठेवाव्यात. सकाळी डाग पाहावा. इंजिन ऑइल काळे व बुळबुळीत असते. डिझेल पातळ असून वासावरून लगेच ओळखू येते. गिअर ऑइल घट्ट असते व त्याला उग्र वास येतो.

त्याचबरोबर इंजिन बंद करून १० मिनिटांनी पट्टीवर तेलाची पातळी पाहावी. वरच्या खुणेपेक्षा जास्त तेल भरल्यानेही गळती होते. तेल न घालता पातळी वाढत असेल तर चेंबरमध्ये डिझेल किंवा पाणी उतरत आहे असे समजावे. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळले आहे. अशा वेळी दोष दूर करून तेल बदलल्याशिवाय इंजिन चालवू नये.

इंजिन धुऊन कोरडे करा

मळलेल्या इंजिनावर गळती सापडत नाही. तेल वरून खाली ओघळते, शिवाय पंख्याच्या वाऱ्याने मागे ढकलले जाते. त्यामुळे थेंब पडतो ती जागा आणि गळतीची जागा सहसा एक नसते.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर चिकटलेला मळ खरवडून काढावा. नंतर केरोसीन किंवा डिझेल व ब्रशने इंजिन धुवावे. पेट्रोल वापरू नये. डायनॅमो, स्टार्टर व हवेच्या फिल्टरचे तोंड प्लॅस्टिकने झाकावे व काम संपताच ते काढावे. शेवटी चिंध्यांनी सर्व सांधे कोरडे पुसावेत. संशयाच्या सांध्यांवर खडूची बारीक पूड लावावी म्हणजे तेल पाझरताच गडद रेघ दिसते.

वरून खाली, पुढून मागे

आता इंजिन सुरू करून गरम होऊ द्यावे. चाकांना ठोकळे लावावेत. धोतराचा सोगा, उपरणे व बाह्या पंखा आणि पट्ट्यापासून दूर ठेवाव्यात. टॉर्चच्या उजेडात पुढील क्रमाने तपासणी करावी.

१. टॅपेट कव्हरचे पॅकिंग, विशेषतः मागची बाजू.
२. ऑइल प्रेशर गेजची नळी व तिचे जोड. नळीला तडा असल्यास इंजिन चालू असतानाच तेल उडते.
३. ऑइल फिल्टर. नवी रिंग बसवताना जुनी रिंग खोबणीत राहून गेली की तेथून जोरात गळती होते.
४. डिझेल पंप, हवेचा कॉम्प्रेसर व त्यांच्या तेलनळ्या.
५. पुढच्या पुलीमागील सील. येथून गळणारे तेल पुली फिरताना गोलाकार उडालेले दिसते.
६. चेंबरचे पॅकिंग व तेल सोडण्याचा बोल्ट.

यानंतर गाडी ८-१० किलोमीटर चालवून पुन्हा पाहावे. केवळ इंजिन चालू असताना गळत असेल तर दाबाखालील नळ्या, फिल्टर व सील यांवर संशय घ्यावा. उभ्या गाडीतूनही सतत गळत असेल तर चेंबर व त्याचा बोल्ट प्रथम पाहावा. सर्वांत उंचावर जेथे ओल दिसेल तो उगम समजावा. त्याखालच्या ओल्या सांध्यांना लगेच हात लावू नये.

ब्रीदर विसरू नका

एकाच वेळी अनेक ठिकाणांहून तेल पाझरत असेल तर दोष पॅकिंगचा नसून आतल्या दाबाचा असण्याची शक्यता जास्त असते. पिस्टनच्या बाजूने थोडा वायू चेंबरमध्ये उतरतच असतो. तो ब्रीदरमधून बाहेर जातो. ब्रीदर मळाने तुंबला की हा वायू सांध्यांतून व सीलमधून तेल बाहेर ढकलतो. म्हणून ब्रीदर काढून केरोसीनने स्वच्छ करावा व त्याची नळी मोकळी असल्याची खात्री करावी.

मग इंजिन मंद गतीवर ठेवून तेल भरण्याचे झाकण काळजीपूर्वक उघडावे. हलकी वाफ दिसणे स्वाभाविक आहे. धुराचे जोरदार भपकारे येत असतील तर रिंगा व लायनर झिजले आहेत. अशा इंजिनास कितीही नवी सीले बसवली तरी ती टिकणार नाहीत.

मागच्या सीलचा निर्णय

मागचे सील बदलण्यास गिअरबॉक्स व क्लच उतरवावे लागतात. म्हणून हा निर्णय सर्वांत शेवटी घ्यावा. टॅपेट कव्हरच्या मागून ओघळलेले तेलही फ्लायव्हील हाउसिंगखालीच टपकते. वरील सर्व भाग कोरडे असून हाउसिंगच्या खालच्या छिद्रातून काळे इंजिन ऑइल येत असेल तरच मागच्या सीलवर संशय घ्यावा. गिअर ऑइल येत असेल तर दोष गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलचा असतो.

सील बदलताना ते जेथे घासते त्या जागी शाफ्टवर नख फिरवून पाहावे. खोलगट चर लागल्यास नवे सील जुन्याच जागी बसवून उपयोग होत नाही. जाणकार फिटरकडून शाफ्टवर पातळ बुश बसवून घ्यावे.

दुरुस्ती करताना

पॅकिंग बसवण्यापूर्वी दोन्ही पृष्ठभाग पूर्ण साफ करावेत. पत्र्याचे कव्हर फार आवळल्यास बोल्टजवळ वाकते व गळती वाढते. वाकलेली कड सपाट ठोकळ्यावर हलक्या हाताने सरळ करावी. बोल्ट मधून कडांकडे, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे आवळावेत. शेलॅकचा थर पातळ असावा, कारण जादा शेलॅक आत तुटून तेलाची जाळी बुजवू शकतो. तांब्याचा जुना वॉशर वापरायचा असल्यास लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवावा म्हणजे तो मऊ होतो.

एका वेळी एकच जागा दुरुस्त करावी, पुसून कोरडी करावी आणि दोन फेऱ्यांनंतर पुन्हा पाहावी. दुरुस्ती होईपर्यंत रोज सकाळी पट्टी पाहावी आणि किती तेल घातले ते वहीत लिहावे. गळती दिसत नाही, पण तेल कमी होते आणि धूर निळसर येतो, असे असल्यास तेल आत जळत आहे. वाटेत तेलाच्या दाबाचा काटा खाली आला तर 'पुढच्या गावापर्यंत जाऊ' असा विचार न करता इंजिन तत्काळ बंद करावे.

काढलेले काळे तेल व धुण्याचे केरोसीन ओढ्यात, विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नये. ते झाकणाच्या डब्यात साठवून जुने तेल अधिकृतपणे गोळा करणाऱ्यांकडेच द्यावे. ज्या पाण्यावर आपले पीक व जनावरे जगतात ते पाणी राखणे हेही आपलेच काम आहे.