पीडीएफ घेणारा आणि माल घेणारा

अंधेरी पूर्वेच्या एमआयडीसीतले छोटे कारखानदार, मुलुंड-बोरिवलीचे बिल्डर, घाटकोपरचे क्लासचालक यांच्या वेबसाइटचे आकडे वाचणं हे माझं काम. प्रत्येकाकडे एखादी पीडीएफ असतेच, आणि ‘किती जणांनी डाउनलोड केली?’ हा प्रश्नही. त्या आकड्यावर जाहिरातीचा खर्च ठरतो, म्हणून तो नीट मोजला जावा असा माझा आग्रह असतो.

१. सगळ्या फाइली एका मापाने मोजू नयेत. ब्रोशर कोणीही उघडतो. नोकरी शोधणारा, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी माहिती जमवणारा, स्पर्धकसुद्धा. दरपत्रक किंवा यंत्राचं ड्रॉइंग घेणारा बहुधा खरेदीच्या विचारात असतो. यंत्र बसवण्याचं मॅन्युअल घेणाऱ्याने तर बहुतेक वेळा माल आधीच घेतलेला असतो. त्याची नोंद विक्रीच्या खात्यात नको.

२. गुगल ॲनालिटिक्स ४ मध्ये ‘एन्हान्स्ड मेजरमेंट’ चालू असेल, तर पीडीएफ, एक्सेल, झिप अशा फाइलींच्या लिंकवरचे क्लिक आपोआप नोंदले जातात. मात्र ऑटोकॅडची डीडब्ल्यूजी फाइल त्या यादीत नाही, आणि इंजिनिअरिंगच्या धंद्यात नेमकी तीच मोलाची. तिच्यासाठी टॅग मॅनेजरमध्ये वेगळा ट्रिगर लावा. ‘फाइल डाउनलोड’ हा अख्खा इव्हेंट ‘की इव्हेंट’ करू नका (मार्च २०२४ पासून ॲनालिटिक्समध्ये कन्व्हर्जन याच नावाने दिसतं). फाइलच्या नावाची अट घालून निवडक फाइलींचा नवा इव्हेंट बनवा आणि तो एका सेशनमध्ये एकदाच मोजा.

३. मोजला जातो तो क्लिक. फाइल वाचली की नाही हे कळत नाही. गुगलवर शोधून थेट पीडीएफवर येणारा तर मोजणीत येतच नाही, कारण मोजणीचा कोड पानावर असतो, पीडीएफमध्ये नसतो. आपल्याकडे ब्रोशर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून फिरतं, तेही दिसत नाही. म्हणून पीडीएफच्या आत यूटीएम (माणूस कुठून आला हे सांगणारी खूण) लावलेली लिंक द्या. त्यातून साइटवर आलेला माणूस ओळखता येतो.

४. पैशाचा प्रश्न इथे येतो. डाउनलोडला मुख्य कन्व्हर्जन ठरवून गुगल ॲड्सला ‘जास्तीत जास्त कन्व्हर्जन’ मिळवायला सांगितलं, की ती यंत्रणा पीडीएफवर स्वस्तात क्लिक करणारी माणसं शोधू लागते. रिपोर्टमधला आकडा वाढतो, फोन वाढत नाहीत. महिन्याचं बजेट जेमतेम असलेल्या कारखान्याला हे परवडणारं नाही. बोली फोन आणि चौकशीच्या फॉर्मवर चालू द्यावी. डाउनलोड ‘सेकंडरी’ म्हणून नुसता पाहावा.

५. ब्रोशरसाठी मोबाइल नंबरची सक्ती करणं मला पटत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने) गृहप्रकल्पांच्या जाहिरातीत क्यूआर कोड बंधनकारक केला आहे; तो स्कॅन केला की प्रकल्पाची नोंदणीकृत माहिती नंबर न देता दिसते. मग ब्रोशरच कुलपात का ठेवायचं? नंबर मागायचाच तर साइट व्हिजिट ठरवताना मागा, आणि तो कशासाठी हवा तेही स्पष्ट लिहा.

आपल्या साइटवरच्या फाइलींची यादी काढा, विक्री सांभाळणाऱ्या माणसाला शेजारी बसवा आणि प्रत्येक फाइल कोण घेतं हे त्याला विचारा. मोजणीची सेटिंग त्यानंतर करा.