‘यात काहीतरी काळेबेरे आहे, डॉक्टर!’

या सदरात मी सहसा एखादा रोग, त्याची लक्षणे आणि घ्यावयाची काळजी यांविषयी लिहितो. आजचा विषय थोडा निराळा आहे. औषध हाताशी असते, फुकट मिळते, गुणकारीही असते. तरी माणूस ते घेत नाही. कारण कोणीतरी त्याला पानठेल्यावर सांगितलेले असते, ‘भाऊ, हे दिसते तसे नाही. यामागे मोठा डाव आहे.’ माझ्या व्यवसायात हे वाक्य मी पोलिओच्या डोसाबद्दल ऐकले, हत्तीरोगाच्या गोळ्यांबद्दल ऐकले आणि २०२१ साली कोरोनाच्या लसीबद्दल तर जवळजवळ रोज ऐकले. सांगणारी माणसे अडाणी नव्हती. काही शिक्षक होते, एक-दोन तर औषधांचे दुकानदार होते. तेव्हा असा संशय मनात कसा तयार होतो आणि एवढा घट्ट का बसतो, हे आज पाहू.

त्यासाठी आधी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या मुंबईत जावे लागेल. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. पुढे साथ भडकली आणि सरकारने रोग्यांना घरातून उचलून आर्थर रोड इस्पितळात नेण्यास सुरुवात केली. लगोलग शहरात वावड्या उठल्या. इस्पितळात माणसे मारून त्यांच्या अंगातून ‘मोमियाई’ नावाचे औषधी तेल काढतात, ही एक. दुसरी याहून भयंकर. त्याच सुमारास मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कोणी तरी डांबर फासले होते. त्याचा सूड म्हणून राणीने पाचशे मुंबईकरांची काळजे मागवली आहेत आणि ती इस्पितळात काढली जात आहेत, असे लोक एकमेकांना सांगू लागले. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला.

आज वाचताना हसू येईल. पण त्या कामगाराच्या जागी स्वतःला उभे करून पाहा. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे माणसाला होतो, हे त्या वेळी डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते १८९८ मध्ये दाखवून दिले. म्हणजे ‘हा रोग कशाने होतो?’ या प्रश्नाला सरकारजवळ धड उत्तर नव्हते. दुसरे असे, की लोक रोग्याला लपवून ठेवीत आणि अगदी शेवटच्या घटकेला तो इस्पितळात पोहोचे. साहजिकच तिथे गेलेल्यांपैकी बहुतेक दगावत. चाळीतल्या माणसाला काय दिसणार? शेजारी इस्पितळात गेला, परत आला नाही. त्याच्या शेजारचा गेला, तोही आला नाही. डोळ्यांनी पाहिलेले खोटे नव्हते. त्यावरून काढलेला अर्थ तेवढा चुकीचा होता. प्लेगची लस तयार करणारे हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली, ती उगीच नव्हे.

आता मनाचा कारभार पाहू. पीटर वेसन या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने १९६० साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. घरी मुलांना घालून पाहण्यासारखा आहे. त्याने लोकांना २, ४, ६ हे तीन आकडे दिले आणि सांगितले, ‘हे एका नियमात बसतात. तुम्ही आणखी तिकड्या सांगा, मी प्रत्येक वेळी होय किंवा नाही म्हणेन. खात्री पटली की नियम ओळखा.’ बहुतेकांनी ८, १०, १२ सांगितले. उत्तर आले, होय. मग २०, २२, २४. होय. आणि मोठ्या विश्वासाने ते म्हणाले, ‘दोन-दोनने वाढणारे आकडे!’ नियम तो नव्हताच. नियम एवढाच होता, की प्रत्येक आकडा आधीच्याहून मोठा हवा. १, ७, ५० सांगितले असते तरी होयच उत्तर आले असते. पण आपला अंदाज खोटा ठरेल असा प्रश्न विचारण्याचे फार थोड्यांना सुचले. मनात एकदा अंदाज बसला की आपण त्याला दुजोरा देणारेच शोधत जातो. लस घेतल्यावर आजारी पडलेला मावसभाऊ आपल्याला चटकन आठवतो. लस घेऊन धडधाकट असलेले गावातले चारशे लोक आठवत नाहीत.

येथे थोडे गणित करू. आपल्या देशात दर हजार लोकांमागे वर्षाला साधारण सात मृत्यू होतात. एक लाख वस्तीच्या तालुक्यात म्हणजे वर्षाला सातशे, दिवसाला जवळपास दोन. समजा, त्या तालुक्यातल्या प्रत्येकाने एकाच दिवशी साखरेचा एक दाणा खाल्ला, तर दुसऱ्या दिवशी दोन घरांत रडारड असेलच. त्या घरांना तो साखरेचा दाणा जन्मभर विसरता येणार नाही. म्हणून लसीनंतरच्या प्रत्येक मृत्यूची चौकशी व्हायला हवी, ती होऊ नये असे मी म्हणत नाही. पण ‘नंतर झाले’ आणि ‘त्यामुळे झाले’ यांत अंतर आहे, आणि ते मोजण्यासाठी लस न घेतलेल्यांत किती दगावले हेही पाहावे लागते.

दुसरी खोड बाळपणापासूनची. मूल दगडाला अडखळून पडते, रडते. आजी त्या दगडाला चापट मारते, ‘माझ्या बाळाला पाडतोस का रे?’ आणि मूल शांत होते! घडणाऱ्या गोष्टीमागे कोणीतरी करणारा असावा, अशी आपल्या मनाची ओढ आहे. रानात राहणाऱ्या आपल्या पूर्वजांना ती उपयोगी होती. गवत हलले की ‘वाघ असेल’ असे मानून पळणारा चुकला तरी वाचत असे. वारा समजून बसणारा एखाद्या दिवशी प्राणाला मुकत असे. नवेगाव-नागझिऱ्याच्या आसपास राहणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. पण साथीच्या रोगात, महागाईत, अपघातात प्रत्येक वेळी गवताआड वाघ नसतो. त्यातून घटना मोठी असेल तर कारणही तेवढेच मोठे असले पाहिजे, असे वाटते. साऱ्या जगाला घरात कोंडणारी साथ एका डोळ्याला न दिसणाऱ्या विषाणूने यावी, हे मनाला पटत नाही. मग त्यामागे देश, कंपन्या, अब्जाधीश उभे करावे लागतात.

गोष्ट जितकी तपशीलवार, तितकी ती खरी वाटते, हेही एक. ट्वर्स्की आणि काहनेमन या दोघांनी १९८३ मध्ये हे प्रयोगांनी दाखवले. ‘गोदामाला आग लागली’ आणि ‘भागीदाराशी भांडण झाले म्हणून कोणीतरी पेटवल्याने गोदामाला आग लागली’ यांत दुसरे वाक्य लोकांना अधिक संभवनीय वाटते. वास्तविक पहिल्यात दुसरे सामावलेले आहे; ते कमी संभवनीय असूच शकत नाही. अफवा रचणाऱ्याला हे पुस्तकात वाचावे लागत नाही. तो आपसूकच गावाचे नाव, गाडीचा रंग, ‘माझ्या साळ्याने स्वतः पाहिले’ अशी फोडणी देतो. आणि तेच वाक्य चार ठिकाणी कानावर आले, की त्याला वजन येते. १९७७ साली अमेरिकेतील एका प्रयोगात असे आढळले, की पुन्हा पुन्हा ऐकलेली विधाने, खरी असोत की खोटी, लोकांना अधिकाधिक खरी वाटू लागतात. आता मोबाईलवर एकच निरोप मेव्हणा, शेजारी आणि शाळेचा जुना मित्र असा तिघांकडून येतो. आपल्याला वाटते, तीन साक्षीदार मिळाले. मुळात साक्षीदार एकही नसतो.

माझ्या मते या साऱ्यांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे असहायता. व्हिटसन आणि गॅलिन्स्की या संशोधकांनी २००८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांना आपल्या हाती काहीच नाही असे जाणवून दिले, त्यांना निरर्थक ठिपक्यांच्या चित्रांतही आकृत्या दिसू लागल्या आणि साध्या योगायोगात कारस्थाने. ज्याचे धान पाण्याअभावी धुऱ्यापर्यंत वाळून गेले, ज्याच्या घरी सिकलसेलचे मूल दर महिन्याला दुखण्याने तळमळते, त्याला कोणाचा तरी हात दिसला तर त्याला मूर्ख म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. शत्रू असला तर निदान लढता तरी येते.

शिवाय सगळेच संशय निराधार नसतात. आणीबाणीच्या काळात १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांत जबरदस्ती झाली, हे सर्वज्ञात आहे. पोलिओच्या डोसाने मुले पुढे नपुंसक होतात, ही अफवा पुढे उत्तर भारतात अनेक वर्षे चालली, तिच्या मुळाशी ही आठवण होतीच. अमेरिकेत टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे उपदंशाच्या काळ्या रोग्यांना, पेनिसिलीन उपलब्ध झाल्यावरही, उपचार न देता नुसते पाहत ठेवले होते. पण ही प्रकरणे कशी उघडकीस आली ते पाहा: कागदपत्रे, साक्षी, चौकशी आयोग आणि वर्तमानपत्रे यांतून. खरे कारस्थान बहुधा कोठे तरी फुटते. लाखो परिचारिका, आशाताई आणि डॉक्टर यांनी मिळून तोंड शिवून ठेवावे, असे गुपित मला तरी माहीत नाही. आमच्याकडे तर दोन डॉक्टरांत एक गोष्ट टिकत नाही!

आता आपल्या घरचे उदाहरण. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा आपला पट्टा हत्तीपायाचा जुना प्रदेश. रोग किती पसरला आहे हे पाहण्यासाठी पथक रात्री आठ-नऊनंतर वस्तीत येते आणि बोटातून दोन-तीन थेंब रक्त घेते. यावर मी ऐकलेली शंका अशी: ‘सरळ काम असते तर दिवसा आले असते. रात्री रक्त नेतात म्हणजे विकत असतील.’ संशय तर्कशुद्ध वाटतो ना? कारण मात्र कृमीच्या स्वभावात आहे. हत्तीरोगाच्या जंतांची सूक्ष्म पिल्ले दिवसा फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांत दडून राहतात आणि रात्री, विशेषतः दहा ते दोनच्या दरम्यान, कातडीजवळच्या रक्तात येतात. हा रोग पसरवणारा क्युलेक्स डास रात्रीच चावतो, त्याच्या वेळेशी त्यांनी आपली वेळ जमवून घेतली आहे. दिवसा रक्त घेतले तर काचपट्टीवर काही दिसायचे नाही. हे दोन मिनिटांत सांगता येते, आणि सांगितल्यावर बोट पुढे करणारे मी पाहिले आहेत. न सांगितलेल्या जागी लोक आपली गोष्ट भरतात.

गोष्ट भरून नेहमी नुसता नकारच येतो असे नाही. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे भिक्षेसाठी आले होते. त्यांपैकी बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याच्या अफवेने परिसर धास्तावलेला होता. त्यांच्यातला कोणी एका लहान मुलीशी बोलला म्हणे, आणि तेवढ्यावरून जमाव जमला. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाचही जणांना ठार मारण्यात आले. मारणारे मुलाबाळांचे बापच असतील. त्या महिन्यांत देशभर फिरलेल्या एका चित्रफितीत मोटारसायकलवरून मूल उचलताना दाखवले होते. ती मुळात कराचीतील, पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली जाहिरात होती. मूल परत आणून सोडल्याचा शेवटचा भाग कोणीतरी कापून टाकला होता. त्याच जुलैत व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. राईनपाड्यातील पाच जणांना त्याचा उपयोग नव्हता.

अशा माणसाशी बोलावे कसे, असे मला तरुण डॉक्टर विचारतात. ‘हे सगळे थोतांड आहे’ असे म्हटले की रोगी मान हलवतो आणि पुन्हा येत नाही. मी आधी विचारतो, ‘तुला नेमकी भीती कशाची वाटते?’ बहुधा मोठ्या कारस्थानाच्या खाली एक लहानशी, खरी भीती निघते: मजुरी बुडेल, ताप येईल, मूल होणार नाही. तिचे उत्तर देता येते. मग एवढेच विचारतो, ‘तुझे म्हणणे चुकीचे असेल, तर ते आपल्याला कशावरून कळेल?’ याला उत्तर देता देता बरेच जण स्वतःच थांबतात. सगळे नाही.

हत्तीरोगाच्या गोळ्यांबाबत ज्यांनी विचारणा केली, त्यांच्यासाठी थोडक्यात. डीईसी हे औषध १९४७ पासून माहितीतले आहे. सोबत अल्बेंडाझोल देतात, काही जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिनही. गोळ्या उपाशीपोटी घेऊ नयेत, कर्मचाऱ्यासमोरच घ्याव्यात. दोन वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना देत नाहीत. ज्यांच्या रक्तात कृमींची पिल्ले आहेत त्यांना गोळीनंतर ताप, डोकेदुखी, अंगदुखी किंवा मळमळ होऊ शकते; ती पिल्ले मरत असल्याने हा त्रास होतो आणि बहुधा एक-दोन दिवसांत जातो. कृमी नसलेल्याला सहसा काही होत नाही. म्हणून एकाच घरात थोरल्याला ताप आला आणि धाकटा खेळत राहिला, तर गोळी खराब होती असे समजू नये. थोरल्याने पुढील फेरीतही ती जरूर घ्यावी. ताप दोन दिवसांहून अधिक राहिला, अंगावर पित्त उठले किंवा चक्कर येऊ लागली, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे.