बाजारी कलम

सावंतवाडी

चि. ईश्वरी हिस,


कपाखाली ठेवायचे तुझे सहा रंगवलेले गोल पोचले. लाल जमिनीवरचा मत्स्य मला फार आवडला. शेपटीचं वळण एका दमात आलं आहे, ब्रश कुठे थबकलेला दिसत नाही. कूर्म मात्र घाबरत घाबरत काढलास. वराहाच्या कडेचा टवका उडाला आहे, पण तो पॅकिंगचा दोष, तुझा हात तिथे ठीक आहे.

चिठ्ठीत तू दर लिहिलास, नगाला 150 रुपये. खाली पेन्सिलीने विचारलंस, "मामा, जास्त तर होत नाहीत ना?" आज दुकान लवकर बंद करून बसलो आहे ते त्या पेन्सिलीच्या ओळीसाठी.

हिशेब तुझाच आहे, मी फक्त पुरा करतो. लाकडाची चकती, रंग, पॉलिश मिळून 45 रुपये आणि खोका-कागदाचे 20. उरले 85. एका गोलाला साडेतीन तास लागतात असं तूच लिहिलंस. म्हणजे तासाला जेमतेम 24 रुपये. आठ तास मान मोडून बसलीस तर दिवसाचे 195 सुद्धा होत नाहीत. 2025-26 साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. पाच वर्षं कलेचं शिक्षण घेऊन तू खडी फोडणाऱ्या बाईपेक्षा कमी मजुरी स्वतःला देतेस, आणि वर विचारतेस जास्त तर होत नाही ना.

तू काय म्हणशील तेही मला ठाऊक आहे. घरात बसून करते, आवड म्हणून करते, घर काही यावर चालत नाही. खरं आहे. तुझ्या घरात दोन पगार येतात. पण इथे चितार आळीत ज्यांची चूल लाकडाच्या भाज्या-फळांवर आणि पाट-चौरंगांवर पेटते, त्यांच्या दारात पर्यटक उभा राहतो आणि म्हणतो, "पुण्याच्या प्रदर्शनात हेच दीडशेला होतं." त्या माणसाने काय उत्तर द्यायचं? तू स्वतःची मजुरी सोडून दिलीस ती उदारपणाने, पण पदरचे गेले त्याचे. आवडीखातर काम करणाऱ्यांनी पडेल भावात माल विकला की पोटासाठी काम करणारे उठतात. हे मी आळीत होताना पाहिलं आहे. म्हणून दर लावणं ही तुझी एकटीची गोष्ट नाही.

आता तुझी खरी अडचण. तू म्हणतेस, गोल 1,000 रुपयांना ठेवला तर कोण घेणार? बरोबर आहे, फार थोडे घेतील. पण त्यावर उपाय दर पाडणं हा नव्हे. आपल्याच कलेत त्याचं उत्तर आहे, आणि तेही जुनं.

गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, ते पूर्वी दोन प्रकारचे होत. दरबारी कलम आणि बाजारी कलम. दरबारासाठी हस्तिदंताच्या किंवा कासवाच्या पाठीच्या चकत्या, सोन्याचा वापर, राजाच्या अंगरख्यावरची वेलबुट्टी. बाजारासाठी चिंचोक्याच्या खळीने चिकटवलेले कापडाचे थर आणि वर लाखेचा हात. आणि चित्र? मोजक्या फराट्यांत उतरलेलं. मासा म्हणजे मासाच, पण त्याचे खवले मोजत कोणी बसायचं नाही. दशावतारी गंजिफाचे पत्ते 120. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शापर्यंत दहा पानं. एवढी पानं सामान्य माणसाला परवडतील अशी करायची तर हात कुठे आवरायचा हे त्या चिताऱ्याला ठाऊक असलंच पाहिजे. बाजारी कलम म्हणजे भिकार काम, असा समज संग्राहकांनी करून दिला आहे. मला ते पटत नाही. जुने बाजारी पत्ते बघ, त्यातली रेघ पुष्कळदा दरबारीपेक्षा जिवंत असते, कारण तिला लाड करून घ्यायला वेळच नव्हता.

तू काय केलंस? प्रत्येक गोलावर दरबारी राजा काढलास, मुकुटाचे मणी, प्रभावळ, कडेची वेल सगळं काढलंस, आणि दर बाजारी लावलास. याच्या उलट कर. दर कमी करावासा वाटला की रेघा कमी कर. एका गोलावर नुसता मासा, एकावर नुसतं कासव, एकावर परशू. दोन रंग, एक कडा, बस्स. 40 मिनिटांत झाला पाहिजे. पहिले वीस-पंचवीस हात बसेपर्यंत वाकडे होतील, ते घरात ठेव.

मग असा हिशेब मांड. तासाचे 150 रुपये धर. दचकू नकोस, पुण्यात भिंती रंगवणारा कारागीर दिवसाला किती घेतो ते विचारून ये आणि मग माझ्याशी भांड. 40 मिनिटांचे 100, सामान आणि खोका 65, झाले 165. ही तुझी घरातली किंमत. विकण्याची किंमत याच्या दुप्पट, 330. दुप्पट का, तर विकायलाही कोणाचे तरी तास आणि जागा लागते. दुकानदार 35-40 टक्के कापतो, काही जण निम्मे मागतात. प्रदर्शनात भाडं आहे, टेम्पो आहे, दिवसभर उभं राहणं आहे. फोनवर फोटो टाकून विकलंस तरी पंचवीस जणांना उत्तरं देण्यात संध्याकाळ जाते. ते पैसे कुठून येणार? आणि दर सगळीकडे एकच ठेव. दुकानात 330 आणि तुझ्याकडे 200 असं कळलं की दुकानदार तुला दारात उभं करणार नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. साडेतीन तासांचा दरबारी गोल याच हिशेबाने 1,180 ला जातो. तो टेबलावर एकच ठेव, मध्यभागी. तो विकला गेला नाही तरी चालेल, त्याच्याकडे बघून लोक बाजारी गोल घेतात.

दुकानात माल ठेवताना एक गोष्ट. "विकल्यावर पैसे" या बोलीवर माल दिलास तर यादीवर सही घे, मुदत लिही, खराब झालेला नग कोणाच्या खात्यात हेही लिही. एका मोठ्या शहरातल्या दुकानाने माझे पाट दोन पावसाळे ठेवून घेतले आणि ओरखडे पडलेले परत पाठवले. लेखी काही नव्हतं, बोलणार काय. शक्यतो थोडा माल दे, पण रोख दे, टक्का जास्त सोडावा लागला तरी.

आता कामातला दोष सांगतो, कारण तो दराहून गंभीर आहे. तुझ्या गोलावर स्पिरिटमधली चपडा लाख मारली आहेस ना? चकाकी सुरेख आली आहे. मी त्यावर गरम चहाचा कप ठेवला आणि उचलला तर पांढरं कडं उमटलं. लाखेला उष्णता आणि पाणी दोन्ही सोसत नाहीत. गंजिफाच्या पानाला कोणी चहा पाजत नव्हतं, म्हणून तिथे लाख चालली. कपाखाली ठेवायच्या वस्तूला पीयू किंवा मेलामाइन मार, पातळ हात, दोन हातांमध्ये पुरता वेळ दे. भर पावसात पॉलिश करू नकोस, हवेतल्या ओलीने ते दुधाळ होतं. कोकणात आम्ही जून-जुलैत सुतारकाम उरकतो, पॉलिशला हात लावत नाही. कुठलीही नवी वस्तू विकायला काढण्याआधी महिनाभर स्वतःच्या घरात वापर. तुझ्या सासऱ्यांना दे, ते कप कसा आपटतात मला माहीत आहे.

प्रदर्शनांचं विचारलंस. पुण्याच्या भीमथडी जत्रेला किंवा मुंबईच्या काळा घोडा महोत्सवाला गर्दी प्रचंड असते, पण पहिल्याच वर्षी तिथे उडी घेऊ नकोस. आधी सोसायटीत, एखाद्या शाळेच्या आवारात उभी राहा. किमतीची चिठ्ठी प्रत्येक नगावर हवी, विचारायला लोक लाजतात आणि पुढे जातात. कोणी म्हणेल, "हे तर मी घरीसुद्धा करीन." हसून म्हण, जरूर करा, आणि चकत्या कुठे मिळतात तेही सांग. त्यातले पुष्कळ जण महिन्याभराने तुझ्याकडेच येतात. दर सांगितलास की गप्प राहा. आपल्या बायका दर सांगतात आणि लगेच पुढे जोडतात, "पण तुमच्यासाठी कमी करीन." समोरच्याने अजून तोंडही उघडलेलं नसतं! एकावर सूट नाही, सहाच्या संचावर थोडी. त्यापुढे गेलीस तर ज्याने काल पुरे पैसे दिले त्याला तू फसवलंस.

मुंजीत वाटायला 200 गोल मागणाऱ्या बाईंचं लिहिलंस, त्यांना निम्म्या दरात हवेत म्हणतेस. नाही म्हण. छापखान्यात दुसरी प्रत पहिलीपेक्षा स्वस्त पडते, हाताच्या कामात पडत नाही. दोनशेव्या माशाला पहिल्याइतकाच वेळ लागतो, वर मान आणि डोळे तेवढे शिणलेले असतात. साडेतीन तासांचे 200 म्हणजे 700 तास होतात, रोज आठ तास बसलीस तरी तीन महिन्यांच्या जवळपास. त्यांना एका रंगातला छोटा मासा दाखव, निम्मे पैसे आधी घे, तारीख आपली सांग. नाही पटलं तर त्या छापील घेतील. घेऊ देत. छापील पत्ते आल्यावर गंजिफा खेळातून उठली ती याच हिशेबाने. छापाशी दरात कोणी जिंकलेलं नाही.

गंजिफा परत उभी राहिली कशी, हे तुझ्या आईने तुला सांगितलं असेलच. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ही कला शिकून घेतली आणि राजवाड्यात काम सुरू केलं. राजघराण्याने ब्रश हातात घेतला याचं लोकांना कौतुक वाटतं, मला दुसऱ्या गोष्टीचं वाटतं. त्यांनी कला जपायला कपाटात ठेवली नाही, विकायला मांडली. तिथे बसून रंगवणाऱ्यांना त्यातून रोजगार मिळाला.

म्हणून नावाविषयी सांभाळून राहा. सावंतवाडी गंजिफाला भौगोलिक मानांकन आहे. तू पुण्यात रंगवतेस, तर चिठ्ठीवर "सावंतवाडी गंजिफा" छापू नकोस. "गंजिफा शैलीतलं, हाताने रंगवलेलं" एवढं खरं आहे आणि पुरेसं आहे. कोल्हापुरी चपलांना 2019 मध्ये मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हींना मिळून. 2025च्या जूनमध्ये प्राडाने मिलानच्या मंचावर तशाच चपला दाखवल्या, मूळ सांगितलं नाही, आणि इकडे केवढा गहजब झाला. शेवटी त्यांना उगम मान्य करावा लागला. तेव्हा तूही तावातावाने मला मेसेज पाठवले होतेस. तोच नियम आपल्यालाही लागू.

कोणीतरी तुझा मत्स्य उचलून पिशव्यांवर छापेल याची धास्ती घेतली आहेस. मत्स्य कोणाचाच नाही. तुझं रेखाटन मात्र तुझं आहे. हाताने काढलेल्या चित्रावर तुझा हक्क आपोआप असतो. पण डिझाइन म्हणून नोंदता येईल असं काही तू स्वतःच कारखान्यात 50 हून जास्त वस्तूंवर उतरवलंस, आणि 2000 सालच्या डिझाइन कायद्याखाली नोंद केलेली नसली, तर तो हक्क जातो. नोंद करायची तर ती लोकांना दाखवण्याआधी, नंतर नाही. दहा वर्षं चालते, पुढे पाच वाढवून मिळतात. सध्या तुला याची गरज नाही. चित्राच्या तारखा लिहून फोटो जपून ठेव, तेवढं पुरे.

जीएसटीचं फार मनावर घेऊ नकोस. परराज्यात माल धाडला की एरवी नोंदणी लागते, पण सरकारी यादीतल्या हस्तकलेच्या वस्तूंना वर्षाला 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत सूट आहे, पॅन आणि ई-वे बिलाच्या अटीवर. तुझी वस्तू त्या यादीत बसते का ते हिशेबनिसाकडून बघून घे. 20 लाखांची उलाढाल झाली तर मला पेढे पाठव.

नोकरी सोडण्याचं. आत्ता नाही. वही घाल, प्रत्येक नगाचा वेळ घड्याळ बघून लिही, मनाने नाही. बाजारी गोलांनी सलग वर्षभर आपलं सामान, भाडं आणि तुझे तासाचे 150 काढून दिले, तर मी स्वतः येऊन तुझ्या नवऱ्याशी बोलतो. तोपर्यंत शनिवार-रविवार.

पांगाऱ्याच्या वाळलेल्या चकत्या बाजूला काढून ठेवल्या आहेत, तू आणलेल्या प्लायपेक्षा हलक्या आहेत. तुझ्या आईला सांग, दिवाळीनंतर पुण्याला येणाऱ्या कोणाबरोबर तरी देतो. वराह मी दुरुस्त करून बाकीच्या पाचांसोबत परत पाठवतो, त्या पाचांचं पॉलिश खरवडून तूच नव्याने कर. आणि ती पेन्सिलीची ओळ खोडून पुढच्या खेपेला नवा दर शाईने लिहून पाठव.

तुझा,
मामा

ता. क. पॅकिंग: गोल एकमेकांना टेकवून ठेवू नकोस. मध्ये जाड पुठ्ठा घाल आणि कडेला कापडाची चिंधी गुंडाळ. खोका हलवून बघ, आत आवाज आला तर परत उघड.